रोज सकाळी जपानला जाणारे सर

वर्गात नवीन विद्यार्थी आला की पहिल्या आठवड्यात एकदा तरी विचारायचाच, "सर, तुम्ही जपानला किती वर्षं होते?"

सर फळा पुसता पुसता सांगायचे, "रोज सकाळी जातो. चहा व्हायच्या आत वापस येतो."

नवा मुलगा हसायचा, सर हसायचे नाहीत आणि विषय तिथेच संपायचा. मलाही आधी तो विनोदच वाटला होता. पुढे कळलं की सर अगदी खरं सांगत होते. पहाटे उठून ते जपानचा रेडिओ लावायचे. आधी शॉर्टवेव्हवर, खरखरीतून एकेक शब्द वेचत. पुढे मुलीने मोबाईल घेऊन दिला तेव्हा मोबाईलवर. पण मोबाईलसुद्धा ते ट्रान्झिस्टरसारखा कानाशी धरायचे आणि खिडकीत जाऊन उभे राहायचे. खिडकीपाशी जपान जास्त स्वच्छ ऐकू येतं असं त्यांचं मत होतं, आणि इंटरनेट म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगायची कोणाची हिंमत नव्हती.

सर तार ऑफिसातून रिटायर झालेले. घर कोष्ट्यांचं, वडील हातमागावर लुगडी विणायचे. जपानी भाषा ते कुठल्या कॉलेजात शिकले नव्हते. नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना जपानीचं एक पुस्तक सापडलं होतं, कव्हर नसलेलं. तेच का घेतलं, असं विचारलं तर म्हणायचे, "स्वस्त होतं. आता घेतलं तं वाचलं पाह्यजे ना गा." एवढ्या कारणावर माणसाने अख्खी भाषा शिकावी, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

वर्ग इतवारीत, भांड्यांच्या एका दुकानाच्या वर. खाली दिवसभर परातींची आणि डब्यांची आदळआपट. खाली काही पडलं की सर वाक्य तोडून थांबायचे, आवाज विरला की पुढचा अर्धा भाग बोलायचे. आम्हीही तसंच म्हणायचो. त्यांचे जुने विद्यार्थी जपानमध्ये वाक्याच्या मध्येच थांबून कशाची तरी वाट पाहतात, असं म्हणतात. तिथल्या लोकांना ती फार विचारी माणसाची खूण वाटते.

मी या वर्गात आलो तेव्हा चव्वेचाळीस वर्षं ओलांडली होती. हिंगण्याच्या एमआयडीसीत आमचा सुट्या भागांचा कारखाना आहे. मी क्वालिटीत. कंपनीला जपानी गिऱ्हाईक मिळालं आणि कोणीतरी भाषा शिकावी असं ठरलं. बाकीच्यांनी नजर चुकवली. मला नजर चुकवली की अपराधी वाटतं, म्हणून मी वर पाहिलं आणि सापडलो. माझा स्वभावच असा आहे. पार्ट नाकारला तर बनवणाऱ्याबद्दल वाईट वाटतं, पास केला तर गिऱ्हाइकाबद्दल. पहिल्या दिवशी मी सरांची उशीर झाल्याबद्दल माफी मागितली, चपला दारात अडचण करतात म्हणून मागितली आणि माझ्या वयाबद्दलही मागितली. जपानीत पावलोपावली 'सुमिमासेन' म्हणतात, म्हणजे माफ करा. सरांनी मला नीट न्याहाळलं आणि वर्गाला सांगितलं, "याले अर्धी भाषा आधीच येते. हा माणूस जपानीच होता बाप्पा, चुकून नागपुरात उतरला."

तेव्हापासून मी वर्गात सुमिमासेन साहेब.

सरांचा खरा जीव व्याकरणात नव्हता, जपानी चित्रलिपीत तर नव्हताच. त्यांचा जीव होता जपान्यांनी उचललेल्या इंग्रजी शब्दांत. फळ्याचा डावा भाग त्यासाठी कायमचा राखलेला. ते म्हणायचे, नागपूरचा पोरगा तिकडे अवघड शब्दाला अडखळून पडत नाही, तो सोप्या शब्दावरून घसरतो. "अनोळखी माणूस दारात आला तं आपण विचारतो, कोण गा तू. ओळखीचा दिसला तं सरळ चहा ठेवतो. मंग चहा पिऊन झाल्यावर समजते का हा तं दुसराच होता."

मग ते एकेकाची ओळख करून द्यायचे. 'मान्श्योन' म्हणजे महाल नव्हे, साधा फ्लॅट. 'कन्निंगु' म्हणजे धूर्तपणा नव्हे, परीक्षेतली कॉपी. 'सुमातो' म्हणजे हुशार नव्हे, अंगाने सडपातळ. 'कोन्सेन्तो' म्हणजे भिंतीतला प्लगचा पॉइंट. 'वाइशात्सु' हा व्हाइट शर्ट, पण तो निळा असला तरी चालतो. 'साबिसु' म्हणजे फुकट मिळालेलं, भाजीवाली वरून कोथिंबीर घालते ते. मुलांना हे सगळं चुकीचं वाटायचं. एकाने एकदा म्हटलं, "सर, म्हणजे त्यांना इंग्रजी येतच नाही."

सरांनी खडू खाली ठेवला. "माझा बाप मिलचं सूत आणायचा. सूत कोणाचं बी राहो, लुगडं कोणाचं? ज्यानं विणलं त्याचं. तू हॉटेलात जाते ना? चहा प्यायले जाते का झोपाले? लाइट गेली म्हणते, तं दिवा घर सोडून जाते का? गाडीच्या डिकीत सामान ठेवते, विलायतेत जाऊन सांग त्याले डिकी. आपण विणलं तं बरोबर, अन् त्यायनं विणलं तं चूक काहून?"

आणि मग त्यांची ती शिक्षा. जो कोणी जपानी शब्दाला त्याच्या इंग्रजी अर्थाने हाक मारेल त्याने उभं राहून, कमरेत वाकून, त्या शब्दाची माफी मागायची. नावानिशी, वर आदराचं 'सान' लावून. 'मान्श्योन-सान, माफ करा.' भांड्यांच्या दुकानात आलेल्या बायका जिन्यातून वर बघायच्या तर मोठी मोठी माणसं फळ्यापुढे वाकलेली. मी तर काही वेळा दुसऱ्याच्या चुकीसाठीही वाकायचो. सर खूण करून मला बसवायचे.

'तेन्शोन' हा त्यांचा सर्वांत लाडका शब्द. जपानीत टेन्शन चढलं म्हणजे माणूस उत्साहात आहे, आणि उतरलं म्हणजे मरगळलेला आहे. मी कारखान्यातून थकून आलो की सर दारातच विचारायचे, "सुमिमासेन साहेब, आज टेन्शन कमी दिसून राहिलं तुमचं. वाढवा जरा."

त्यांचं न ऐकल्याची फळंही भोगलेली मी पाहिली आहेत. कुहीचा एक मुलगा वृद्धाश्रमात काम करायला जपानला गेला. वर्गात तो मागच्या बाकावर डुलक्या घ्यायचा. तिथे पोचल्यावर त्याने घरी फोन केला की कंपनीने मॅन्शन दिलं. बापाने गावात पेढे वाटले. पुढच्या रविवारी शेजारीपाजारी जमवून व्हिडिओ कॉल लावला तर एकाच चौकटीत पलंग, शेगडी, मोरी आणि बाहेरचं दार. म्हातारी आजी बराच वेळ बघून म्हणाली, "हे तं देवघर झालं. घर दाखव." मुलाने सरांना फोन करून माफी मागितली. सर म्हणाले, "मले नको मागू. त्याले माग." आणि मुलगा फोनवर त्या खोलीची माफी मागत असताना ते शांतपणे ऐकत होते.

आता खरी गोष्ट सांगतो. धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवसांत नागपुरात आणि कामठीच्या बाजूला जपानी यात्रेकरू येतात. सर दरवर्षी इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. एका वर्षी मीही सोबत गेलो. सर यात्रेकरूंच्या एका घोळक्यापासून थोड्या अंतरावर, झाडाखाली, हात मागे बांधून उभे राहिले. ते लोक बोलतील तसे सर ओठ हलवत होते. घोळका पुढे सरकला की सर पुढे. दुपार झाली, ते लोक बसमध्ये बसले, बस गेली.

"सर, बोलला नाहीत?"

"आज त्यायले घाई होती."

"आणि मागच्या वर्षी?"

"मागच्या वर्षी मले होती."

एवढं सांगून ते सायकलचं कुलूप काढायला लागले. दुसऱ्यांना उभं करून करून बोलायला लावणारा हा माणूस आयुष्यात एकाही जपानी माणसाशी एक शब्द बोललेला नव्हता. मला ते कळलं आणि हेही कळलं की मला कळल्याचं त्यांना कळलं आहे. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, मला फार वाईट वाटतंय. ती म्हणाली, "आज कशाबद्दल?"

पुढच्या हिवाळ्यात आमच्या कारखान्यात गिऱ्हाईक कंपनीकडून साचे तपासायला एक म्हातारे जपानी गृहस्थ आले. रिटायर झालेले, उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलखातले. हाताने साचा चाचपून तो कुठे झिजला आहे ते सांगायचे. त्यांचं बोलणं मला निम्मंच कळायचं, पण आमचं जमलं. त्यांना हॉटेलच्या जेवणाचा कंटाळा आला होता आणि एखादं घर बघायचं होतं. मी सरांना विचारलं.

सरांनी आधी घराला रंग द्यायचा आहे असं सांगितलं. मग साळा येणार होता. मग म्हणाले, "त्याले आपलं तिखट सोसणार नाही, उगाच पाप लागंल." शेवटी मी काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, गाठलं. त्या घरी साड्यांना फॉल-पिको करून द्यायच्या. शिवण न थांबवता म्हणाल्या, "आणा ना. माणूसच हाय ना तो? जेवते ना?" म्हणजे झालं.

रविवारी दुपारी मी पाहुण्यांना घेऊन महाल भागातल्या सरांच्या घरी गेलो. गल्ली अरुंद, म्हणून गाडी रस्त्यावरच ठेवली. सर जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते, नवा शर्ट, केसांना तेल, चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. पाहुणे वर पोचले आणि सरांनी स्वागताचं वाक्य म्हटलं. वाक्य लांब होतं, न अडखळता आलं, एकेक शब्द घासून पुसून ठेवल्यासारखा. मला अभिमान वाटला.

पाहुण्यांचा चेहरा मात्र एकदम बदलला. त्यांनी स्वेटरची बटणं लावली. आत येऊन चटईवर गुडघे दुमडून ताठ बसले आणि कपाळ टेकेल इतके वाकले. मी घाबरलो, सर काही भलतं बोलले की काय. मग लक्षात आलं. सर रेडिओवर शिकलेले. ते बातम्या देणाऱ्यासारखं बोलत होते. त्या म्हाताऱ्याला जेवायला बोलावून सरकारी निवेदन ऐकवल्यासारखं झालं होतं.

पाहुण्यांनी उत्तर दिलं. त्यांच्या गावच्या बोलीत, तोंडातल्या तोंडात. सर 'हाइ' म्हणाले, म्हणजे हो. पाहुणे आणखी बोलले. सर पुन्हा 'हाइ' म्हणाले. तिसऱ्या 'हाइ'नंतर सर उठले आणि पाणी आणतो म्हणून स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग गेलो. ते माठाला धरून उभे होते.

"मले एक शब्द समजला नाही गा," ते हळू आवाजात म्हणाले. "एक बी नाही. इतकी वर्षं मी काय शिकवून राहिलो पोरायले?"

"सर, ते खेड्यातलं बोलतात. कारखान्यात आलेले दुसरे जपानीसुद्धा त्यांना दोनदा विचारतात."

"तू समजावू नको मले."

काकू पाटवड्या रश्श्यात सोडत होत्या. "तुम्ही पुण्याले गेले होते तेव्हा तिथल्या दुकानदारानं काय पाह्यजे, काय पाह्यजे म्हणून किती वेळा विचारलं होतं? तुम्हाले मराठी येत नव्हती का तेव्हा? चला, ताटं घ्या."

जेवायला बसलो. पहिल्या घासाला पाहुण्यांचे डोळे भरून आले, तरी खात राहिले. सगळं बोलणं काकूंचंच होतं. "घ्या ना भाऊ, अजून एक. लाजू नका. वडाभात तं घेतलाच नाही तुम्ही." पाहुणे प्रत्येक वाढीला मान लववून घ्यायचे. सर ताटाकडे बघत भात कालवत होते. एकदा त्यांनी धीर करून हवामानाबद्दल एक वाक्य म्हटलं, आणि पाहुणे घास खाली ठेवून पुन्हा ताठ झाले. मग सरांनी तेही सोडलं. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टींबद्दल अपराधी वाटून घेतलं आहे, पण त्या पाटवडीइतकं कशाबद्दलच नाही. उद्यापासून सर वर्गात उभे राहणार नाहीत, याची मला खात्री वाटायला लागली होती.

निघायची वेळ झाली. पाहुणे चटईवरून उठले ते भिंतीला धरून. मी पुढे होऊन ड्रायव्हरला सांगायला गाडीकडे गेलो आणि तिथून गल्लीत पाहत राहिलो.

आपल्याकडे पाहुण्याला दारातून निरोप देत नाहीत. दारात अर्धं बोलणं, जिन्यात उरलेलं, मग कोपऱ्यापर्यंत पोचवायला जायचं. सर कोपऱ्यापर्यंत आले. पाहुण्यांनी वाकून निरोप घेतला. त्यांच्या गावची रीत अशी की यजमान पाहुणा दिसेनासा होईपर्यंत उभा राहतो आणि पाहुणा वळून वळून वाकतो. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. पाहुणे चार पावलं आले, वळून वाकले. सरांना वाटलं बोलावत आहेत, ते पुढे आले. यजमान आपल्याकडे येतोय म्हटल्यावर पाहुणे मागे फिरले. दोघांची गाठ पडली, दोघं वाकले, सर परत निघाले. पण पाहुणा रस्त्यात उभा असताना पाठ कशी फिरवणार, म्हणून वळून पाहिलं. पाहुणे वाकले. सर पुन्हा आले.

ड्रायव्हर माझ्याच वयाचा, बीडी ओढत बघत होता. "साहेब, हे दोघं एकमेकाले घरी पोचवून राहिले का?"

असं बराच वेळ चाललं. शेवटी दोघंही दमले आणि बंद दुकानाच्या ओट्यावर टेकले. पाहुण्यांनी हुश्श केलं आणि डावा गुडघा चोळायला सुरुवात केली. सर त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी आपला उजवा गुडघा धरला.

मला राहवलं नाही. मध्यस्थी करावी, माफी मागावी, दोघांना सोडवावं म्हणून मी गेलो. पाहुणे आपल्या बोलीत काहीतरी लांबलचक सांगत होते. मलाही त्यातलं काही लागत नव्हतं. सर डोळे मिटून, रेडिओ ऐकल्यासारखे, कान पुढे करून ऐकत होते. मध्येच त्यांनी हात वर केला.

"सुतोबु?" सर म्हणाले.

स्टोव्ह. जपान्यांचा स्टोव्ह स्वयंपाकाचा नसतो, खोली तापवायचा असतो. फळ्याच्या डाव्या भागातला. बोली कुठलीही असो, हे आणलेले शब्द सगळ्या मुलखात तेच राहतात. पाहुण्यांनी जोरात मान हलवली. सुतोबु, सुतोबु. हातवाऱ्यांवरून कळलं ते असं: बर्फात बाहेर काम, मग सुतोबुपाशी बसायचं, तरी गुडघा दुखतोच. सरांनी उत्तर दिलं, आणि या वेळी ते बातम्यांचं वाक्य नव्हतं. वाक्यच नव्हतं. "सुतोबु, नाही. तोइरे." आणि सरांनी ओट्यावरच अर्धं उकिडवं बसून, मग कळवळून उठून दाखवलं. तोइरे म्हणजे टॉयलेट. पाहुणे मांडीवर थाप मारून हसले. त्यांच्या गावी त्यांच्याही घरी जुन्या पद्धतीचंच होतं. आता तेही उकिडवे बसून दाखवायला निघाले, सरांनी त्यांना दंडाला धरून थांबवलं. मग ताओरु आलं, म्हणजे टॉवेल, गरम पाण्यात बुडवून पिळलेला. मग बेद्दो आला, म्हणजे बेड. त्यावर बहुधा मतभेद झाला, कारण सर मान हलवून जमिनीवर हात आपटायला लागले. एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर पाय देत दोघे म्हातारे चालले होते, आणि मधलं सगळं हात, तोंड आणि गुडघे सांभाळून घेत होते. पाहुण्यांच्या स्वेटरची बटणं पुन्हा उघडी होती.

मी घसा खाकरला. "सर, मला माफ करा. मी तुम्हाला उगाच भरीस घातलं. काही अडत असेल तर मी सांगतो त्यांना..."

सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तळहात माझ्या दिशेने उभा धरला.

"तू जा गाडीत बस," ते म्हणाले. "आम्ही बोलून राहिलो."